खोक्यातून उभी राहणारी चेनसॉ

अमेरिकेत थंडीसाठी जळण स्वतः फोडणाऱ्या काही मंडळींना एक वेगळाच नाद असतो: चीनहून सुट्या भागांचं खोकं मागवायचं आणि गॅरेजमध्ये त्यातून चेनसॉ जुळवायची. जर्मन श्टील कंपनीच्या एमएस ६६० ची नक्कल त्यांच्या विशेष आवडीची. सिलिंडरचा व्यास ५४ मिमी, पिस्टनची धाव ४० मिमी, म्हणजे ९१.६ सीसी. अस्सल यंत्राच्या मानाने हे खोकं फारच स्वस्त पडतं. उरलेली किंमत तपासणीच्या कष्टांत मोजावी लागते.

सुरुवात क्रँककेसपासून. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे हे दोन अर्धे भाग. एक भाग बेताचा तापवतात आणि बेअरिंग फ्रीझरमध्ये गार करतात, की ते हातानेच जागेवर बसतं. हातोडी मारली तर क्रँकशाफ्ट वाकडा होण्याची भीती.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या दिशेला हवा, नाहीतर रिंगची टोकं सिलिंडरच्या भोकांत अडकू शकतात. गजनपिन धरून ठेवणाऱ्या सर्क्लिपा मात्र खोक्यातल्या वापरू नयेत, चांगल्या प्रतीच्या वेगळ्या आणाव्यात. चिमूटभर वजनाची ती तार चालत्या इंजिनात निसटली, तर नवाकोरा सिलिंडर ओरखडून काढते.

आता खरी परीक्षा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच पंप असतो. पेट्रोल, हवा आणि वंगणाचं तेल तिथूनच वर जातं. कुठे बारीकशी फट राहिली तर जादा हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. त्यातच विरघळलेलं तेलही मग कमी पोचतं. म्हणजे उष्णता वाढते तेव्हाच वंगण घटतं, आणि पिस्टन जाम होतो. म्हणून इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करून आत साधारण अर्धा बार दाब भरतात, सांध्यांवर साबणाचं पाणी सोडतात आणि बुडबुडे शोधतात. नंतर हवा खेचून निर्वात चाचणीही करतात, कारण आतून दाब असताना घट्ट बसणारं ऑइल सील उलट्या ओढीला हवा आत घेऊ शकतं. माझ्या मते या दोन चाचण्या टाळणाऱ्याने खोकं उघडूच नये.

फ्लायव्हील आणि इग्निशन कॉइल यांच्यातलं अंतर ठेवायला साधं व्हिजिटिंग कार्ड चालतं. पुढे क्लच, तेलपंप, बार, साखळी. हे काम सरळ आहे.

पेट्रोलच्या ५० भागांना टू-स्ट्रोक तेलाचा एक भाग मिसळतात. पहिल्या टाक्यांना कार्ब्युरेटर थोडा जास्त पेट्रोल देईल असाच ठेवतात. धूर जरा जास्त येतो, पण पिस्टन वाचतो. लाकडाला लावण्याआधी साखळी फिरती ठेवून पुढचा हातरक्षक मनगटाने ढकलून पाहतात. साखळी क्षणात थांबली नाही, तर क्लचवरचं झाकण पुन्हा उघडायचं आणि ब्रेकचा पट्टा तपासायचा.