हिरा, कुरुंद आणि सुरीची धार

भोसरीत किंवा अंबडच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाला विचारून बघा, पोलाद घासायला हिऱ्याचं चाक लावू का? तो तिथल्या तिथे थांबवेल. हिऱ्याचं चाक कार्बाइडच्या हत्यारांना, पोलादाला सीबीएन, हा त्या कामातला सुरुवातीचाच धडा. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन अधाशासारखं ओढून घेतं. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चाकाखाली तापमान सातशे-आठशे अंशांवर गेलं की जगातला सर्वांत कठीण पदार्थ पोलादात विरून जाऊ लागतो. महागडं चाक बघता बघता बोथट होतं.

मग स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावायला हिऱ्याची प्लेट कशी चालते? हाताने घासताना तेवढी उष्णता निर्माणच होत नाही, म्हणून. पाण्याचे चार थेंब आणि मनगटाचा वेग, एवढ्यावर हिरा पोलादाला नुसता खरवडतो, त्याच्याशी संग करत नाही.

गंमत अशी की आज प्लेटवर बसवला जाणारा हिरा जन्मतो तो वितळलेल्या लोखंड, निकेल किंवा कोबाल्टच्याच कुशीत. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १६ डिसेंबर १९५४ रोजी ट्रेसी हॉल यांनी कृत्रिम हिरा बनवला. फेब्रुवारी १९५५मध्ये कंपनीने तो जाहीर केला. स्वीडनच्या आसिया कंपनीला हे यश १९५३मध्येच मिळालं होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि श्रेय अमेरिकेकडे गेलं. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या पन्नास हजारपटीहून अधिक दाब आणि चौदाशे अंशांच्या आसपास तापमान. त्या अवस्थेत कार्बन वितळलेल्या धातूत विरघळतो आणि हिरा होऊन बाहेर पडतो. त्याच प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी तर शेंगदाण्याच्या लोण्याचेही हिरे करून दाखवले. आपल्या भोसरीकर कारागिराचं सीबीएन, म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हेही वेंटॉर्फ यांचंच, १९५७चं. आता औद्योगिक हिऱ्याचा मोठा वाटा चीनच्या हेनान प्रांतातून येतो. हिऱ्याची प्लेट परवडण्याजोगी झाली, ती या सगळ्यामुळे.

प्लेटची रचना साधी. सपाट पोलादी पत्र्यावर हिऱ्याच्या कणांचा एकच थर, आणि तो धरून ठेवणारा निकेलचा मुलामा. डीएमटी या अमेरिकी कंपनीच्या रंगखुणा अनेकांना पाठ असतात: निळा म्हणजे ४५ मायक्रॉनचे कण, लाल २५, हिरवा ९. थर एकच असल्यामुळे या प्लेटचा घात ती वापरणाराच करतो. जोर लावून दाबलं की कण निकेलमधून उखडतात, आणि उखडलेला कण परत येत नाही. नवी प्लेट सुरुवातीला जरा जास्तच खरवडते. वर आलेले कण बसले, तुटले की ती शांत होते. पहिल्याच दिवशी ‘हिने सुरीला ओरखडे पाडले’ म्हणून तिला माळ्यावर टाकणाऱ्यांनी थोडा धीर धरायला हवा होता.

धार लावायचा दुसरा पर्याय, सिरॅमिकचा दगड, म्हणजे ॲल्युमिना, आणि ॲल्युमिनाचा निसर्गातला स्फटिक म्हणजे आपला कुरुंद. लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेल्या चाकांवर भारतातले कारागीर पूर्वापार रत्नांना पैलू पाडत आले. सायकलवर चाक बसवून गल्लीत येणारा धारवाला ज्यावर ठिणग्या उडवतो, तेही बहुधा याच कुळातलं. भारतात अशी घासायची चाकं बनवण्याचा उद्योग १९४१ साली दोन पारशी गृहस्थांनी ग्राइंडवेल या नावाने मुंबईजवळच्या मोरा इथे सुरू केला. सिरॅमिकचा दगड मात्र चाकासारखा झिजत नाही. पूड दाबून भट्टीत इतकी भाजलेली असते की कण एकजीव होतात. त्यामुळे नवे कण उघडे पडत नाहीत, आणि घासलेलं पोलाद वर काळपट लेप बनून बसतं. तो लेप भांडी घासायच्या पावडरीने आणि खरखरीत घासणीने काढावा लागतो. काढला नाही तर सुरी नुसती घसरते. तेल लावू नये. हातातून पडला तर तुकडे.

हिरा अर्थात अधिक कठीण. पण सुरीला त्या कठीणपणाची गरज आहे का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सुरीच्या पोलादात आहे. नूप या कठीणतेच्या मापावर सुरीचं पाणी दिलेलं पोलाद सुमारे ७००, त्यातले क्रोमियम कार्बाइडचे कण १७००, ॲल्युमिना २१००, आणि हिरा ७०००च्या वर. म्हणजे आपल्याकडच्या साध्या स्टेनलेस सुरीला किंवा जर्मन धाटणीच्या सुरीला सिरॅमिक पुरून उरतं. अडतं ते व्हॅनेडियमपाशी. त्याचा कार्बाइड २६००च्या पुढे जातो, ॲल्युमिनाहून कठीण. एस३०व्हीसारख्या पोलादात सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं; त्यावर सिरॅमिक भोवतालचं पोलाद घासतं, पण ते कण कापू शकत नाही. तिथे हिरा कामी येतो. असली सुरी मराठी घरात मुद्दाम आणल्याशिवाय येत नाही, हेही खरं.

व्हॅनेडियमवरून जॉन व्हर्होवेन आठवतात. आयोवा स्टेट विद्यापीठातले हे धातुशास्त्रज्ञ. दमास्कसच्या तलवारींवरची नक्षी पोलादातल्या व्हॅनेडियमसारख्या अशुद्धींच्या अत्यल्प अंशामुळे उमटते, हे त्यांनी लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांच्याबरोबर दाखवलं. आणि त्या तलवारींसाठी ख्यातनाम असलेलं पोलाद दक्षिण भारतातून जाई. निवृत्तीनंतर २००४मध्ये व्हर्होवेन यांनी साध्या धारेकडे मोर्चा वळवला आणि धार लावलेली पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दाढीच्या ब्लेडची धार अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास रुंद असते. दगडावरून उतरलेल्या पात्यावर मात्र धारेच्या टोकाला पोलादाची पातळ, वाकडी झालर उभी राहिलेली असते. वर्कशॉपात तिला ‘बर’ म्हणतात. ती काढली नाही तर दगड कोणताही असो, सुरी पहिल्या दोन कांद्यांपुरतीच चालते.

बर कोण कशी सोडतो, इथे हिरा आणि सिरॅमिक या दोघांत फरक पडतो. हिऱ्याचे टोकदार कण खोल ओरखडे पाडतात आणि धारेवर बारीक दाते ठेवतात. टोमॅटोची साल अशा दात्यांनी पटकन तुटते, म्हणून प्रत्येक सुरी आरशासारखी करायचा हट्ट मला पटत नाही. सिरॅमिक संथ घासतं, बर लहान करत नेतं, धार गुळगुळीत करतं. पण बोथट झालेली सुरी थेट सिरॅमिकवर धरली तर तासभर घासूनही हाती फारसं काही लागत नाही, आणि कंटाळलेला माणूस दुकानातल्या खाचेतून सुरी ओढायच्या यंत्राकडे वळतो. ते यंत्र पातं सोलतं, त्यापेक्षा धारवाला परवडला.

माझं मत सांगतो. एकच वस्तू घ्यायची असेल तर २५ मायक्रॉनची हिऱ्याची प्लेट घ्यावी. प्रत्येक बाजूला वीस अंशांचा कोन, हात हलका. शेवटचे फेरे तर सुरीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार न देता. जोडीला सिरॅमिकची कांडी मिळाली तर प्लेटची पाळी वर्षातून एक-दोनदाच येते. आठवड्याला कांडीवरचे पाच-सहा फेरे पुरतात. फक्त सिरॅमिक घेण्याचा सल्ला मी त्यालाच देईन जो सुरी कधी बोथट होऊच देत नाही. झिर्कोनियाच्या पांढऱ्या सुऱ्यांना मात्र हिराच हवा, आणि त्यांचं टोक तुटलं असेल तर घरी हात न लावलेलाच बरा.

विळीचं गणित वेगळं. पातं पाटाला जडलेलं, वक्र, बहुतेकदा साध्या लोखंडाचं किंवा पोलादाचं. ते दगडावर नेता येत नाही, दगडच त्याच्याकडे न्यावा लागतो. मुठीची छोटी हिऱ्याची प्लेट इथे उत्तम, कारण ती हलकी असते आणि घासताना वाकडीतिकडी फिरली तरी सपाट राहते. विळी पाट उभा करून भिंतीला टेकवावी, प्लेट पात्याच्या मुळापासून टोकाकडे न्यावी, बोटं धारेच्या मागे ठेवून. मग पातं कोरडं पुसून वर खोबरेल तेलाचं बोट फिरवावं, नाहीतर पाण्याने ओली झालेली ताजी धार सकाळपर्यंत गंजते.