जाहिरातीचा धाक आणि जाहिरातीची माहिती

कळस हे आमचे गाव इंदापूर तालुक्यात मोडते. पश्चिमेला बारामती आणि पूर्वेला इंदापूर अशा दोन बाजारपेठांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला विकत घ्यावयाच्या वस्तूंची आणि फुकट मिळणाऱ्या उपदेशाची वाण सहसा पडत नाही. उपदेशाचा मोठा हिस्सा माझ्या वाट्याला येतो, कारण मी विशीतला आहे आणि माझ्या हातात मोबाईल असतो. संध्याकाळी पारावर बसलेली वडीलधारी मंडळी एकमुखाने असा निर्वाळा देतात की, जाहिरातींनी ही पिढी नासवली, पूर्वी माणूस गरजेपुरते घेत असे आणि दुकानदार देईल त्यात समाधान मानीत असे. आणि आमचे आबा त्यावर मान डोलावून घरी येतात, व ज्याच्याखेरीज दुसरा साबण त्यांनी कित्येक वर्षांत अंगाला लावला नाही त्याच साबणाने हात धुऊन जेवायला बसतात. मंडळींचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे नाही. परंतु जाहिरातीचा आपल्याकडे जेवढा धाक आहे तेवढी तिची माहिती नाही, आणि या धाकापोटी जे गैरसमज रूढ झाले आहेत ते, माझ्या अल्प मतीप्रमाणे, खुद्द जाहिरातीपेक्षा महाग पडतात.

जाहिरात खेड्यात आली ती दूरचित्रवाणीचे बोट धरून, ही त्यांतली पहिली समजूत. वस्तुस्थिती अशी की, औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी जी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, आणि जिने पुढे मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडविणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे रूप धारण केले, ती मुळात किर्लोस्करांच्या कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांना पोचविणारी पत्रिका होती. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर येथील प्रक्षेपणात जाहिराती ऐकू येऊ लागल्या आणि १९७६ च्या आरंभी दूरदर्शननेही त्यांना दार उघडले. आबांच्या साबणाचा उगम मी तरी यांपैकी मधल्या तारखेपाशी शोधतो. उसाला पाणी धरताना बांधावर ठेवलेला ट्रान्झिस्टर दिवसभर केवळ गाणीच म्हणत नसे.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमज शहरात आढळतो. खेडूत माणूस भोळा, त्याच्यापुढे रंगीत चित्र धरले की तो भुलला, असे तेथे मानतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनविला तेव्हा तो घेण्यास शेतकरी धजेनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्यांची धारणा होती. ती धारणा चुकीची होती हे खरे. पण जो गडी स्वतःच्या जमिनीचा प्रश्न आला की छापील शब्दावर विसंबत नाही, त्याला भोळा कोणत्या तोंडाने म्हणावे? शेजाऱ्याच्या शेतातले तास डोळ्यांनी पाहिल्यावाचून मत न देण्याची ही खोड आमच्याकडे अजून गेलेली नाही. बियाण्यांच्या कंपन्याही हे ओळखून आहेत; भिंती रंगविल्या तरी पीक-पाहणीचा कार्यक्रम आणि त्यामागून चहा-नाश्ता त्या चुकवीत नाहीत.

जाहिरात मनावर गारूड करते, ही समजूत तर सुशिक्षितांतही आहे, आणि तिचे मूळ मोठे मनोरंजक आहे. १९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या गृहस्थाने असे जाहीर केले की, चित्रपट चालू असताना डोळ्यांना उमगणार नाही इतक्या अल्पकाळ पडद्यावर खाण्यापिण्याची सूचना झळकविली आणि त्यामुळे लाह्यांचा व शीतपेयाचा खप वाढला. जगभर खळबळ उडाली. पाच वर्षांनी त्यानेच कबूल केले की, प्रयोगाला म्हणण्यासारखा आधार नव्हता. कबुली विस्मृतीत गेली आणि गारूड शिल्लक राहिले. त्याचाच नवा अवतार म्हणजे मोबाईल आपले बोलणे चोरून ऐकतो ही आमच्या वयाच्या मुलांची ठाम श्रद्धा. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७,००० हून अधिक अ‍ॅपांची तपासणी करून २०१८ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत चोरून ध्वनी टिपून बाहेर धाडणारे अ‍ॅप आढळले नाही. मात्र पडद्यावर आपण काय करतो याचे चित्रण परस्पर दुसऱ्याकडे पाठविणारी काही निघाली. आपण काय शोधले, कोठे थांबलो, काय विकत घेतले याचा जमाखर्च आपणच बोटाने लिहून देत असतो. कान लावण्याची तसदी कोण घेईल?

मग जाहिरात करते तरी काय? ती नाव घडविते, आणि नाव ही वस्तूहून निराळी मिळकत आहे. हे समजण्यासाठी आम्हा कळसकरांना दूर जावे लागत नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत डायनामिक्स डेअरी उभी राहिली. भोवतालच्या गोठ्यांतून संकलित होणाऱ्या दुधाचे तेथे चीज झाले, अगदी शब्दशः झाले, आणि ते ब्रिटानियासारख्या नावाने बाजारात किंवा मॅकडोनाल्डच्या बर्गरमध्ये जाऊन बसले. वेष्टन निराळे म्हणजे कारखाना निराळा, हा समज येथे गळून पडतो. ज्याचे नाव तोच वस्तू करतो असे नाही. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. आमच्या शेजारचे वालचंदनगर ज्यांनी वसविले त्या शेठ वालचंद हिराचंदांनीच नाशिक जिल्ह्यात रावळगावचा साखर कारखाना काढला, आणि त्या रावळगावच्या गोळ्या चघळीत महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांचे बालपण गेले. ‘पान पसंद’ची जाहिरात तर आमच्या मातोश्रींना आजही नकलेसकट पाठ आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत या गोळ्यांची नावे, व्यापारचिन्हे आणि पाककृती रिलायन्स उद्योगसमूहाने २७ कोटी रुपयांस विकत घेतल्या. जमीन, इमारती आणि यंत्रे मात्र मूळ कंपनीकडेच राहिली. खरेदीखत झाले ते नावाचे आणि कृतीचे. जाहिरातीवरील खर्च म्हणजे हवेत उधळलेला पैसा, असे ज्यांना वाटते त्यांनी या व्यवहाराचा विचार करावा. त्या नावात माझ्या आईच्या पाठांतराचाही अंश असणार. अर्थात तिला त्याबद्दल काही मिळाले नाही.

किमतीविषयीचे गैरसमज थोडक्यात आटोपतो. पुड्यावर छापलेली कमाल किंमत सरकार ठरवून देते असे पुष्कळांना वाटते. सरकारी नियंत्रणातील औषधांसारखे अपवाद सोडले, तर ती उत्पादकच ठरवितो. कायदा एवढेच सांगतो की, तिच्यावर विकता येणार नाही. तिच्याखाली विकण्यास मुभा आहे, म्हणून ‘छापील किमतीत सूट’ ही पाटी पुष्कळदा उत्पादकाने स्वतःच उंच बांधलेल्या माडीवरून एक पायरी उतरल्याची वर्दी असते. पाच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षे स्थिर दिसते, तेव्हा हलके होत असते ते आतले वजन. वजन छापलेले असते; वाचण्याचे काम आपले.

वृत्तपत्र आपण विकत घेतो, सबब ते आपले नोकर आहे, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. सकाळी दारात पडणाऱ्या अंकासाठी आपण जे मोजतो त्यात त्याचा कागद, छपाई आणि वाहतूक यांचा खर्चही सहसा भागत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो, आणि मोबाईलवर जे फुकट मिळते त्याचा तर सगळाच उचलतो. यात लपविण्यासारखे काही नाही, जोवर जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली जाते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती बातमीच्या वेषात छापून आल्याचा बोभाटा झाला, ‘पेड न्यूज’ हा शब्द मराठीत रुळला, आणि पुढच्याच वर्षी भारतीय वृत्तपत्र परिषदेला या विषयावर अहवाल द्यावा लागला. साबणाची जाहिरात उघडपणे साबण विकते; बातमीचे पागोटे बांधून आलेली जाहिरात वाचकाची खातरजमा करण्याची सवयच मोडते. आमच्या वयाच्या मुलांनाही हा नियम लागू आहे. शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या माझ्या एका मित्राला कंपनीने फवारणी पंप फुकट दिला. तो ते कोणास सांगत नसे. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशी भेट किंवा मोबदला स्पष्ट शब्दांत उघड करणे त्याला बंधनकारक आहे.

शेवटची समजूत ‘जाहिरात’ या शब्दातच दडलेली असावी. दवंडी, जाहीरनामा आणि जाहिरात ही एकाच दप्तरातील भावंडे वाटतात, आणि त्यामुळे छापून आले म्हणजे सरकारदरबारी मंजूर झाले असेल असे माणूस धरून चालतो. बहुतेक जाहिरातींना आधी कोणाचीही मंजुरी लागत नाही. दाद मागावयाची ती मागाहून. १९५४ च्या एका कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे, तरी त्या दिसतातच. १९८५ साली स्थापन झालेली जाहिरात मानक परिषद ही जाहिरात व्यवसायाने स्वतःवर नेमलेली पंचायत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला. वस्तूची भलामण करणाऱ्या नामांकितालाही वर्षभर, प्रसंगी तीन वर्षे, भलामण करण्यास मनाई होऊ शकते.

हे सारे मी शोधून काढले त्याला घरगुती कारण घडले. आमच्या चुलत्यांनी डाळिंबाच्या बागेवर एक टॉनिक मारले. त्याच्या पत्रकावर तेल्या रोग हटविण्याची हमी ठळक अक्षरांत होती. तेल्या हटला नाही, बहार गेला. रोग आटोक्यात आणण्याचा दावा करून विकल्या जाणाऱ्या औषधाची १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक बाटलीवरील चिठ्ठीवर पाहावयाचा असतो, हे आम्हाला बहार गेल्यावर कळले. पारावरील मंडळींनी सांगितले की, शेतकरी माल पिकवून विकतो, म्हणून कायद्याच्या लेखी तो ग्राहकच नव्हे. हेही चूक निघाले. बियाण्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच शेतकऱ्याला ग्राहक म्हणून मान्यता दिली आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्कही पडत नाही. खरेदीचा पुरावा मात्र लागतो. चुलत्यांजवळ पत्रक होते, रिकामी बाटली होती. पावती त्यांनी घेतली नव्हती.