कुलज मेदोविकारात ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचे स्थान

‘डॉक्टरसाहेब, माझे चांगले कोलेस्टेरॉल ५५ आहे, मग काळजी कशाची?’ चिमूर परिसरातील रुग्ण रक्ततपासणीचा कागद पुढे ठेवून असे विचारतो, तेव्हा कधी त्याच कागदावर एलडीएल २३० असते. रुग्ण कृश असतो, स्थौल्याचे लक्षण नसते. वडील मात्र पंचेचाळिशीत हृदयविकाराने गेलेले असतात. अशा वेळी कुलज विकाराची शंका घेणे आपले कर्तव्य ठरते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीजभागाच्या दुष्टीचे विवेचन आहे. प्रस्तुत विकारात बहुधा यकृतपेशींवरील एलडीएल ग्राहकाच्या जनुकात दोष असतो. या ग्राहकाचा शोध लावणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २५० ते ३०० व्यक्तींमागे एकास हा विकार असतो आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

एचडीएल हे धमनीभित्तीतील कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेते. परंतु त्यातील काही भाग वाटेत एलडीएलच्या कणांत जातो आणि ते कण यकृतात घेण्याचे द्वारच येथे अपुरे असते. म्हणून एचडीएल उत्तम असले तरी जन्मापासून साचत आलेल्या एलडीएलची भरपाई होत नाही. याउलट एचडीएल कमी असल्यास धोका अधिक वाढतो. म्हणजेच हा आकडा धोक्याचा निदर्शक होय, संरक्षणाची हमी नव्हे. एचडीएल वाढविणाऱ्या टॉरसेट्रॅपिबची चाचणी मृत्यू वाढल्यामुळे २००६ साली थांबवावी लागली.

गुग्गुळाविषयीही आम्ही स्पष्ट लिहितो. मेदोरोगातील त्याचे स्थान आपणांस मान्य आहे. तथापि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल घटण्याऐवजी किंचित वाढले. कुलज विकारात केवळ त्यावर विसंबणे उचित नाही.

एलडीएल १९० वा अधिक आढळल्यास थायरॉइडची तपासणी करावी, टाचेमागील कंडरा जाड झाली आहे का ते चाचपावे, कुलवृत्त विचारावे. शंका दृढ झाल्यास चंद्रपूर वा नागपूर येथील हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. भावंडांची व मुलांचीही तपासणी करवावी. पथ्य, व्यायाम व तंबाखूत्याग यांची जोड आपण द्यावी. औषधविक्रेत्या बंधूंना विनंती की, स्टॅटिन बंद करून त्याऐवजी चूर्ण मागणाऱ्या ग्राहकास प्रथम चिकित्सकाकडे परत पाठवावे. एका रुग्णाचे निदान वेळीच झाले, तर त्याच्या घरातील पुढची पिढी वाचते.