नीरस फोटोंची किंमत

कंबोडियातल्या अंगकोर वाट या देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. पहाटे तळ्याकाठी गर्दी करून सगळे जो फोटो काढतात, त्यात उजेड देवळाच्या पाठीमागून येतो आणि कोरीवकाम काळंठिक्कर पडतं. भिंतीवर टांगायला छान, नोंदीला कुचकामी. देवळांचे फोटो काढून पोट भरलंय, म्हणून जरा रोखठोक बोलतो. नोंद करायची तर कॅमेरा भिंतीला समांतर हवा, चौकटीत मोजपट्टी हवी. पूर्वेच्या ओवरीतला समुद्रमंथनाचा पट ४९ मीटरांचा, तो तुकड्यातुकड्यानेच टिपावा लागतो. असे फोटो कुणी फ्रेम करत नाही.

१८६६ मध्ये स्कॉटिश छायाचित्रकार जॉन थॉमसन इथे आला, तेव्हा हा मुलूख सयामकडे, म्हणजे आजच्या थायलंडकडे होता. तेव्हा फोटोसाठी काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतायचं, अंधाऱ्या तंबूत ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो घेऊन लगेच धुवायची. त्या उकाड्यात! पुढच्याच वर्षी एडिंबरात त्याचं पुस्तक निघालं.

पण माझ्या लेखी नोंदीच्या फोटोंची खरी परीक्षा झाली ती अंगकोरमधल्याच बाफुआनला. अकराव्या शतकातलं हे शिवमंदिर. आपल्या हेमाडपंती देवळांसारखेच दगड चुन्याशिवाय रचलेले, पण पोटात वाळूचा भराव, त्यामुळे ते ढासळत राहिलं. १९६० मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ते उतरवायला घेतलं. सुमारे तीन लाख दगड क्रमांक घालून रानात मांडले. मग यादवी सुरू झाली, काम थांबलं आणि १९७५ नंतर ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत क्रमांकांची कागदपत्रं नष्ट झाली.

१९९५ मध्ये वास्तुविशारद पास्काल रोयेर यांनी काम पुन्हा हाती घेतलं, तेव्हा पॅरिसच्या संग्रहातले जुने फोटो कामी आले. प्रत्येक दगडाची कड, नक्षी, उंची ताडून त्याची जागा ठरवायची. फोटो काढणाऱ्याला तेव्हा कुठे ठाऊक असणार, की आपण कोपऱ्यातला कंटाळवाणा दगडही घेतला हेच पुढे उपयोगी पडेल?

त्यात आणखी एक गुंता. सोळाव्या शतकात याच देवळाचे दगड काढून पश्चिमेच्या बाजूला सुमारे ७० मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध रचला होता. बुद्ध काढला तर एक इतिहास गेला, ठेवला तर मूळ मंदिर अर्धवट. बुद्ध ठेवला. मला तो निर्णय पटतो. २०११ मध्ये काम पुरं झालं.