विडीच्या गावातली गरोदर बाई

गरोदर बाईला धूम्रपानाचे धोके समजावताना जबलपुरात पहिली चूक प्रश्नातच होते. ‘विडी-सिगारेट ओढता का?’ असे विचारले की बहुतेक जणी नाही म्हणतात, आणि ते खरेच असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया जेमतेम २ टक्के आहेत. तंबाखू चघळणाऱ्या किंवा दातांना लावणाऱ्या मात्र १२.८ टक्के. म्हणून जर्दा, गुडाखू, मशेरी अशी एकेक नावे घेऊनच विचारायला हवे. नवरा किंवा सासरा घरात विडी ओढतो का, हेही.

जबलपूर विडीचे जुने गाव. भोवतालच्या जंगलातला तेंदूपत्ता पाहून गुजरातेतून आलेल्या मोहनलाल आणि हरगोविंददास यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इथे या धंद्याचा जम बसवला. विड्या वळतात मुख्यतः बायका, त्याही घरी बसून. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा. भिजवून मऊ केलेले पान पत्र्याच्या मापाने कापायचे, चिमूटभर चुरा भरून वळायचे, दोरा गुंडाळायचा. पोट पुढे आले तरी हे थांबत नाही. एकही झुरका न घेता कातडीतून आणि श्वासातल्या धुळीतून निकोटिन तिच्या अंगात जाते.

निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेकडे जाणारे रक्त कमी होते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. बाळाच्या वाट्याचा प्राणवायू असा दोन्हीकडून तुटतो. धूर नसला तरी सुटका नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तेच सांगतो. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरी लावत. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली.

मशेरीने मळमळ थांबते, पोट साफ होते, ही समजूत नुसत्या भित्तिपत्रकाने जात नाही. बाळ बारीक राहिले तर बाळंतपण सोपे जाते, असे मानणाऱ्या सासवाही आहेत. त्यांना समोर बसवून सांगावे लागते की अडीच किलोच्या आतल्या बाळाला दूध ओढायलाही ताकद पुरत नाही, अंगात ऊब टिकत नाही आणि जंतुसंसर्ग लवकर गाठतो.

हे सांगायला आशा कार्यकर्तीसारखे दुसरे कोणी नाही, कारण ती त्याच वस्तीतली असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे नवऱ्यालाही बोलवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या शिफारशीही प्रत्येक गरोदर स्त्रीला तंबाखूबरोबर घरातल्या धुराविषयी विचारायला सांगतात. विडी वळणारीला काम सोड म्हणणे म्हणजे तिची मजुरी काढून घेणे. दुसरे काम हाती येईपर्यंत निदान हवेशीर जागी बसणे, जेवणाआधी हात साबणाने धुणे, तंबाखूची पिशवी झोपायच्या खोलीबाहेर ठेवणे तिला जमते. सवय सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या मात्र गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. सहावा-सातवा महिना लागला, आता काय उपयोग, असे पुष्कळ जणी म्हणतात. पण बाळाचे वजन सर्वांत झपाट्याने वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांतच.