मुंगूस इंग्रजीत गेले, रोही बांधावरच राहिला

पांढरकवड्याहून टिपेश्वर अभयारण्याकडे जाताना एखादा तपकिरी प्राणी सर्रकन रस्ता ओलांडतो. गुराखी म्हणतो, मुंगूस. गाडीतले मूल म्हणते, मंगूस. मुलाला वाटते आपण इंग्रजी बोललो. पण शब्द गुराख्याचाच आहे.

इंग्रजी कोशकार 'मंगूस'चे मूळ मराठी 'मुंगूस' असेच देतात. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात मुंबई, सुरत, जुन्नर भागात वावरला. १६९८ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या प्राण्याचे नाव येते. पुढे इंग्रजांच्या कानाला शेवटचे अक्षर 'गूस' या ओळखीच्या पक्ष्यासारखे वाटले आणि स्पेलिंगही तसेच रुळले. त्या पक्ष्याशी मुंगसाचा काडीचाही संबंध नाही. म्हणूनच रूढ अनेकवचन 'गीस'च्या चालीवर होत नाही, 'मंगूसेस' असे होते.

मराठीनेही हा शब्द एकटीने घडवलेला नाही. तेलुगूत 'मुंगिस', कन्नडात 'मुंगुसि'. मूळ द्राविडी कुळातले. यवतमाळकरांना याचे नवल वाटू नये. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, तिथे तेलुगू. आणि नदीच्या अलीकडे पोडापोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, कोलामी, गोंडी. याही द्राविडी कुळातल्याच भाषा. आपण ज्यांना आडरानातल्या बोली म्हणतो, त्यांच्या कुळाचे शब्द लंडनच्या कोशात मानाने बसले आहेत.

घुशीचे उदाहरण घ्या. इंग्रजीत ती 'बँडिकूट'. हे तेलुगू 'पंदिकोक्कु'. पंदि म्हणजे डुक्कर. डुकरासारखा उंदीर, असा अर्थ. धान्याच्या कोठाराखाली घुशीने उकरलेली माती ज्याने पाहिली, त्याला हे नाव पटेल. ऑस्ट्रेलियात इंग्रजांनी पिल्लांसाठी पोटाला पिशवी असलेल्या वेगळ्याच प्राण्यालाही हेच नाव देऊन टाकले. चितळ आणि चित्ता हे दोन्ही शब्द मात्र संस्कृत 'चित्र'चे, अंगावरच्या ठिपक्यांवरून आलेले.

काही नावे दारापर्यंत जाऊन परतली. कर्नल साइक्सने १८३१ मध्ये दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन केले, मराठे त्याला 'कोळसून' म्हणतात हेही नोंदवले. तरी इंग्रजीत रूढ झाला तो 'ढोल'. मला याची हळहळ वाटते.

तशीच गत रोह्याची. तुरीच्या वावरात रात्रभर जागलीला बसणारा शेतकरी 'रोही आला' असेच ओरडतो. इंग्रजीने मात्र 'नीलगाय' घेतले, आणि आता आपल्या शाळेतली मुलेही तेच शिकतात. इंग्रजीत न गेल्याने शब्द मरत नाही. घरात बोलला गेला नाही की मरतो.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करताना विदर्भाच्या रानात माणसांच्या तोंडची नावे टिपली आणि पक्षिकोश, प्राणिकोश सिद्ध केले. २०२५ मध्ये ते गेले. काम संपलेले नाही.

वणी, झरी, केळापूर, मारेगावच्या वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ, कोलाम पोडावरच्या आजीजवळ एक वही घेऊन बसा. रानातल्या प्रत्येक जनावराला ती काय म्हणते, ते तिच्याच उच्चारात लिहून घ्या. शेजारी गावाचे नाव आणि तारीख टाका.