अरण्य कोणाचे?

'जंगल खाते' हे शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या मनात दोन चित्रे उभी राहतात. एक सागाच्या दाट राईचे. दुसरे सरपणाची मोळी अडविणाऱ्या रखवालदाराचे. ही दोन्ही चित्रे खरी आहेत आणि ती एकाच इतिहासातून निघाली आहेत.

झाडे तोडण्यावर राजसत्तेने बंधन घालावे, ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कसे आणावे याचे नियम सांगितले आहेत. आंबा व फणस ही झाडेही आरमाराच्या कामाची. परंतु त्यांस हात लावू देऊ नये, असे तेथे बजावले आहे. कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून व त्याचे मोल देऊनच ते न्यावे. झाडाचे रक्षण आणि झाड वाढविणाऱ्याचे समाधान या दोन गोष्टी येथे वेगळ्या मानलेल्या नाहीत.

कंपनी सरकारची दृष्टी निराळी होती. जहाजबांधणीसाठी साग हवा, म्हणून १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन यांस वनरक्षक नेमण्यात आले. लाकडाचा सारा मक्ता सरकारकडे गेल्याने रयत व व्यापारी इतके नाराज झाले, की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. पुढे १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन या पदावर आले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी अतोनात वाढली.

अशा वेळी डिट्रिश ब्रॅंडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे आले. १८५६ पासून ते ब्रह्मदेशातील पेगूच्या जंगलांवर होते. १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्यांची पद्धत सावकारी हिशेबासारखी सोपी होती. जंगलातून ठरावीक पट्ट्यांनी फिरावयाचे, सागाची झाडे घेरानुसार वर्गवार मोजावयाची, आणि एका वर्गातील झाड वरच्या वर्गात जाण्यास किती वर्षे लागतात ते पाहावयाचे. त्यावरून दरसाल किती झाडे तोडता येतील, हे ठरते. थोडक्यात, व्याज खावे, मुद्दलास हात लावू नये. हे शास्त्र रुजावे म्हणून १८७५ मध्ये 'इंडियन फॉरेस्टर' हे नियतकालिक निघाले, १८७८ मध्ये डेहराडून येथे वनविद्यालय सुरू झाले, आणि १९०६ मध्ये तेथेच संशोधनसंस्था उभी राहिली.

परंतु मुद्दल कोणाचे, हा प्रश्न राहिलाच. गावांना स्वतःची ग्रामवने असावीत, असे ब्रॅंडिस यांचे मत होते. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे याच्या उलट होते: नोंदलेला हक्क नसेल, तर पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ही केवळ सवलत होय, आणि सवलत सरकार केव्हाही काढून घेऊ शकते. १८७८ चा कायदा मुख्यतः या दुसऱ्या मताकडे झुकला. राखीव व संरक्षित जंगले झपाट्याने वाढली. ग्रामवनांचे कलम बहुतांशी कागदावरच राहिले.

त्याचा परिणाम काय झाला, हे महात्मा फुले यांनी १८८३ साली पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वाचावे. डोंगरातील पाला, फळे, सरपण व चराई यांवर गुजराण करणाऱ्या गरीब शेतकऱ्याची कोंडी जंगल खात्याने कशी केली, हे त्यांनी परखडपणे मांडले आहे. या असंतोषाचा स्फोट १९३० मध्ये झाला. १० जुलै रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगलचा कायदा मोडला; आजच्या सांगली जिल्ह्यातील बिळाशीचे लोक उठले; २५ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला. समुद्र दूर असलेल्या मुलखात मिठाची जागा गवताने व लाकडाने घेतली होती.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या वननीतीने देशाची एक-तृतीयांश भूमी वनाखाली असावी, असे उद्दिष्ट ठेवले. १९८८ च्या नीतीने उत्पन्नापेक्षा पर्यावरणाच्या समतोलास अग्रस्थान दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाचा सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले.

हक्क मिळाला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. गावाने केलेली अतिरेकी तोड ही ठेकेदाराच्या तोडीइतकीच घातक असते. म्हणून ब्रॅंडिस यांची मोजणी आता ग्रामसभेलाही शिकावी लागेल, आणि झाडाच्या धन्याला राजी करण्याची अमात्यांची शिकवण खात्यालाही आठवावी लागेल. हिशेबावाचून हक्क टिकत नाही, आणि जवळच्या माणसाला जंगल आपले वाटल्यावाचून कोणताही रखवालदार ते राखू शकत नाही.